कट्ट्यावर सगळ्यांचं मत वेगळं, मग पुढचा भाग वाचू का नको?

पत्र:

मावशी, नमस्कार. मी परभणीची, घरी राहून एमपीएससीचा अभ्यास करते. आमचा सहा-सात जणांचा छोटासा वाचनकट्टा आहे, ह्या वेळी पुस्तक मी सुचवलं होतं. रॉबर्ट जॉर्डनचं 'द आय ऑफ द वर्ल्ड', म्हणजे 'व्हील ऑफ टाइम' ह्या चौदा भागांच्या फँटसी मालिकेतला पहिला भाग. मला जाम आवडलं, पोरगं जखमी बापाला ओढत नेतं ते प्रकरण वाचताना तर रडू आलं. पण कट्ट्यावर नुसती भांडणं. एकजण म्हणतो ही सरळ सरळ टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची कॉपी आहे. एका मैत्रिणीनं पोरं गावातून बाहेर पडायच्या आधीच पुस्तक ठेवून दिलं, म्हणे काही घडतच नाही आणि इंग्रजी पण जड जातंय. एकानं फक्त त्यावरची वेब सिरीज बघितली, आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो. माझ्या आत्तेभावाकडं चौदाच्या चौदा भाग आहेत, तो दादा म्हणतो पहिला भाग कच्चाच आहे, चौथ्यापर्यंत सहन कर मग मजा येईल. आणि एक सर येतात ते म्हणाले ह्या परीकथा आहेत, परीक्षेच्या वर्षात असला टाइमपास कशाला. आता मलाच वाटायलंय की माझी आवडच कच्ची आहे का. पुढचा भाग वाचू का सोडून देऊ? आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर काय तोंड दाखवू?

उत्तर:

अगं बाळा, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. वाच. दुसरा भाग खुशाल वाच, आणि कट्ट्यावर ताठ मानेनं जा, तुझ्या आवडीला काही झालेलं नाही. तू रडलीस ते प्रकरण रडण्यासारखंच आहे, त्यावर मी पुढं बोलणारे, मला ते बोलल्याशिवाय राहवणार नाही.

पण त्याआधी तुझ्या कट्ट्याचं बघू. तुम्ही सगळे एकाच पुस्तकावर भांडायलाय असं तुला वाटतंय ना, तर तसं नाहीये ते. मैत्रिणीनं सुरुवातीची काही प्रकरणं वाचली, सिरीजवाल्यानं एक पान वाचलं नाही, दादा चौदा भाग संपवून मागं वळून बघतोय, सरांनी बहुतेक पाठीमागचा मजकूर वाचलाय, आणि अख्खा पहिला भाग नुकताच वाचून आलेली अशी तू आणि तो कॉपीवाला, दोघंच. त्यामुळं पुढच्या वेळी कुणी मत दिलं की भांडायच्या आधी एकच विचार, कुठपर्यंत वाचलंस? खोचक विचारू नको, मनापासून विचार, कारण ह्या मालिकेच्या बाबतीत मत कुठून आलंय ते कळल्याशिवाय त्या मताचं काय करायचं तेच कळत नाही. पहिल्या भागाबद्दल जगभर जी उलटसुलट मतं आहेत, कुणी डोक्यावर घेतंय कुणी शंभर पानात फेकून देतंय, त्यातला निम्मा घोळ इथंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या मैत्रिणीचं घे. ती म्हणते काही घडत नाही. तिच्या जागी बसून बघ, नायक रँड आणि त्याचा बाप टॅम घोडीच्या गाडीत सफरचंदाच्या दारूची पिंपं घालून सणासाठी गावाकडं निघालेत, मग गाव, मग गावातली माणसं, कोण कुणाचं काय लागतं, फेरीवाला येतो, गाणी-गोष्टी सांगणारा येतो, आणि हल्ला होतो तो पाचव्या प्रकरणात, गाव सोडतात ते दहाव्यात. पुस्तकाची प्रकरणं त्रेपन्न आहेत त्यामुळं लेखकाला घाई नाही, पण वाचणाऱ्याला असू शकते. आपल्याकडं श्रावणात महिनाभर पोथी लागते तेव्हा पहिल्याच दिवशी कुणी विचारत नाही की युद्ध कधी, कारण माहिती असतं की रोज येऊन बसायचंय. ज्याला रोज येऊन बसायचंय त्याला ही सुरुवात गोड लागते, ज्याला महिन्यात पुस्तक संपवून कट्ट्यावर बोलायचंय त्याला ती डोंगर वाटते, आणि ह्यात तिची काही चूक नाही बरं का. फक्त तिला एक जागा दाखव. पहिल्याच प्रकरणात रँड मागं वळून बघतो तर रस्त्यावर काळा झगा घातलेला घोडेस्वार, वारा असला सुटलाय की ह्याचा झगा सावरता सावरत नाही, आणि त्या स्वाराच्या झग्याची कड सुद्धा हलत नाही. बाप बघतो तोवर रस्ता रिकामा. काही घडत नाही म्हणतात त्या पानांमध्ये हे आहे, आणि मला विचारशील तर पुढच्या कित्येक लढायांपेक्षा ती न हलणारी कड जास्त भीती घालते.

इंग्रजी जड जातंय ह्याबद्दल तिला अजिबात लाजू देऊ नको. आपल्यातले बहुतेक जण मराठी मीडियमचे, आणि ह्या पुस्तकात तर इंग्रजीवाल्यांना पण न कळणारे शब्द आहेत, लेखकानं स्वतः बनवलेले, म्हणून तर मागं शब्दांची यादी दिलीय. लई जण ती शेवटी बघतात, आधीच तिथं बुकमार्क घालून ठेवायचा. आणि तिला ऑडिओबुक सुचव, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग ह्या दोघांनी अख्खी मालिका वाचलीय, पुरुषाच्या नजरेतली प्रकरणं तो वाचतो बाईच्या नजरेतली ती. नंतर रोझमंड पाइकनं पण पहिला भाग वाचलाय, पोरांना गावातून घेऊन जाणारी जी मोरेन, सिरीजमध्ये ती हीच. जवळपास ३० तासांचं आहे पण पुस्तक पुढ्यात धरून ऐकलं की वाक्य कुठं तुटतं ते कानाला कळतं, नावांचे उच्चार कळतात, आणि वेग आपोआप येतो. कानानं ऐकलेली गोष्ट आपल्या लोकांना लवकर भिडते, त्यात कमीपणा काही नाही.

कॉपीवाल्याचं म्हणणं मात्र झटकून टाकू नको. त्याला दिसलंय ते खरंच तिथं आहे. लांब कोपऱ्यातलं गाव, साधी पोरं, काळे स्वार मागावर, एक शक्ती असलेली शहाणी व्यक्ती येऊन पोरांना घेऊन जाते, सोबत एक लढवय्या ज्याचं राज्य गेलंय, टोल्किनचा पहिला भाग १९५४ चा आहे आणि हे सगळं त्यात आहे. जॉर्डननं तर स्वतः सांगितलेलं आहे की सुरुवातीच्या प्रकरणांना टोल्किनचा वास मुद्दाम ठेवला होता, वाचकाला ओळखीच्या घरातून बाहेर काढायचं होतं म्हणून. तेव्हा ह्या मुद्द्यावर भांडण करायचंच काय, हो म्हणायचं आणि पुढचं विचारायचं, की मग त्यानं तिथून कुठं नेलं?

आणि इथंच माझा तुझ्या मित्रावर राग आहे थोडा, कारण त्यानं पूर्ण वाचून पण हे बघितलं नाही. ह्या जगात शक्तीचे दोन भाग आहेत, एक पुरुषांचा एक बायकांचा, आणि पुरुषांचा भाग नासलाय. जो पुरुष ती शक्ती वापरेल तो आज ना उद्या वेडा होणार आणि आपल्याच माणसांचा जीव घेणार. प्रोलॉग, म्हणजे पहिल्या प्रकरणाच्या आधीची ती पानं, आठव ना, तो राजवाडा मोडून पडलाय, माणूस बायकोला हाका मारत फिरतोय आणि ती तिथंच पडलीय, त्याला दिसत नाहीये, कारण तिला मारणारा तोच आहे. मग शत्रू येतो आणि त्याचं वेड बरं करतो, म्हणजे त्याला कळावं आपण काय केलं ते. शत्रूनं बरं करायचं आणि तेच सगळ्यात क्रूर! ही चार-दोन पानं वाचल्यावर तो रँड नावाचा पोरगा जेव्हा जेव्हा काही अचाट करतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, कारण नायकानं जिंकणं म्हणजेच नायकानं वेडं होणं अशी गाठ मारून ठेवलीय. टोल्किनमध्ये अंगठी नेऊन टाकता येते, इथं ती गोष्ट पोराच्या अंगातच आहे. हे कॉपी करून येत नाही.

त्यामुळंच ह्या जगात सत्ता बायकांच्या हातात आलीय, आणि गावपातळीवर सुद्धा ते दिसतं. तू नायनीव्हबद्दल काही लिहिलं नाहीस, पण कट्ट्यावर तिचा विषय काढ. गावची औषधपाणी बघणारी, त्या मानाच्या जागेला वय कमी म्हणून मोठी माणसं तिला पोरसवदा समजतात, आणि पोरं गेली म्हटल्यावर ही एकटी माग काढत काढत शहरापर्यंत पोचते, इतकी की तो लॅन, ज्याचं आयुष्य माग काढण्यात आणि मिटवण्यात गेलं, तो पण चकित होतो. काही वाचकांना तिची चिडचिड सहन होत नाही, पुरुष-बायकांची सारखी चाललेली कुरबुर कंटाळवाणी वाटते, पुढच्या भागांत ते वाढतं पण, ती तक्रार मला मान्य आहे. पण ह्या पहिल्या भागात तिच्या रागाला कारण आहे, आणि ज्या मुलीला घरी "तू लहान आहेस, तुला काय कळतं" ऐकावं लागलंय तिला ते कारण सांगावं लागत नाही.

सिरीजवाल्याला सांग की सिरीज वेगळी आणि पुस्तक वेगळं. ती २०२१ ला आली, तीन सीझन झाले आणि २०२५ मध्ये बंद केली. त्यात रँडचा मित्र पेरिन, त्याला आधीच बायको दाखवलीय आणि ती मरते, पुस्तकात त्याचं लग्नच झालेलं नसतं. सिरीजमध्ये पहिल्या सीझनच्या जवळजवळ शेवटापर्यंत कोडं ठेवलंय की निवडलेला कोण, पुस्तकात आपण जवळजवळ पहिल्या पानापासून रँडच्याच डोक्यात असतो. त्याला बोलू दे, पण सिरीजवर.

आता दादा. त्याचं म्हणणं मला सगळ्यात जास्त विचार करण्यासारखं वाटतं, कारण तो प्रेमानं बोलतोय. चौथा भाग, १९९२ चा, लई जणांचा लाडका आहे हे खरंय. पण ज्यानं चौदा भाग वाचले त्याच्या मनात पहिला भाग एकटा राहिलेलाच नसतो, त्याला रँडचं पुढचं सगळं माहिती, त्यामुळं पहिल्या भागातला भित्रा, घराची आठवण काढणारा रँड त्याला कच्चा वाटणारच. तुला तोच रँड आवडला, कारण तुझ्यासाठी तो अजून तेवढाच आहे. आणि दादाला एक सांग, पहिला भाग परत वाच म्हणावं. ती मिन नावाची मुलगी, तिला माणसांभोवती पुढच्या गोष्टींची चित्रं दिसतात, शहरातल्या खाणावळीत ती रँडला ह्या सगळ्यांच्या भोवती आपल्याला काय काय दिसलं ते सांगते, पहिल्यांदा वाचताना आपण ते पान सहज उलटतो, आणि त्यातल्या कित्येक गोष्टी नंतर अनेक भागांनी खऱ्या होतात. "सहन कर" असं म्हणून त्यानं नकळत तुझा आनंद कमी केलाय. सहन करायला पुस्तकं वाचत नाही आपण.

हां, त्याच्याकडून एक गोष्ट मात्र खरी खरी विचारून घे, मधले भाग. आठव्यापासून दहाव्यापर्यंत गोष्ट फार रेंगाळते असं मालिकेवर जीव असणारे सुद्धा म्हणतात, आणि मी पण म्हणते. जॉर्डननं सुरुवातीला तीन भागांचा विचार केला होता, प्रकाशकानं सहाचा करार केला, आणि झाले चौदा. तो २००७ च्या सप्टेंबरमध्ये गेला, तेव्हा गोष्ट अर्धवट होती. त्याची बायको हॅरिएट, जी त्याची संपादक पण होती, तिनं ब्रँडन सँडरसन ह्या तरुण लेखकाला निवडलं आणि त्यानं जॉर्डनच्या टिपणांवरून शेवटचे तीन भाग पूर्ण केले, शेवटचा २०१३ च्या जानेवारीत आला. म्हणजे १९९० पासून तेवीस वर्षं लोकांनी वाट बघितली. हे सांगायचं कारण, की तुला वाट बघायची नाहीये, गोष्ट संपलेली आहे, आणि तू कुठल्याही भागाला थांबू शकतेस. पहिल्या भागाला त्याचा त्याचा एक शेवट आहे, तिथं थांबलीस तरी तू काही अर्धवट सोडलं असं होत नाही.

त्या शेवटावर मात्र माझी खरी तक्रार आहे, ज्यांचं पुस्तक अजून वाचून व्हायचंय त्यांनी हा पॅरा सोडा. इतकी शेकडो पानं आपण पायी चालल्यासारखं चालतो, प्रत्येक खाणावळ, प्रत्येक पाऊस, आणि मग शेवटच्या दोन-तीन प्रकरणात हिरवा माणूस, जुने शत्रू, खिंडीतली लढाई, खुद्द अंधाराशी सामना, सगळं धाडधाड. रँड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा जातो ते त्याला कळत नाही ते ठीक, पण वाचणाऱ्याला पण कळत नाही. रँड आणि त्याचा मित्र मॅट रस्त्यानं बासरी वाजवून, चेंडू उडवून जेवण मिळवतात त्या प्रकरणांत पण काळ मागं-पुढं होतो, एकदा गाडीत बसलेत मग एकदम आधीची रात्र, तिथं मी पानं उलटून परत मागं गेले. हे दोष कट्ट्यावर तू स्वतः मांड. ज्याला पुस्तक आवडतं त्यानंच त्याचे दोष सांगितले की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, आणि मग तो ऐकतो पण.

आता तुझं प्रकरण. सहावं. शेतावर हल्ला झालाय, टॅमनं खाटेखालच्या पेटीतून तलवार काढलेली आपण बघितलीय, पोराला माहितीच नव्हतं की बापाकडं अशी तलवार आहे. बाप जखमी, ताप चढलाय. पोरगं गाडीच्या दांड्या काढून झोळीसारखं करतं आणि अंधारात रानातून बापाला गावाकडं ओढत निघतं, रस्त्यानं जाता येत नाही कारण रस्त्यावर ते आहेत. आणि बाप तापात बडबडायला लागतो. लढाईचं, बर्फाचं, डोंगराच्या उतारावर सापडलेल्या तान्ह्या लेकराचं. पोराला आवाज बंद करायचाय कारण कुणी ऐकेल, आणि ऐकायचं नाहीये कारण त्या बडबडीत त्याचं स्वतःचं जन्माचं गुपित आहे. जीव वाचवायचा तर बापाचं तोंड दाबावं लागतंय, आणि ज्याला बाप म्हणून ओढतोय तो बाप नाही असं तोच बाप सांगतोय. आणि पोरगं ओढायचं थांबत नाही. बाळा, हे लिहिणारा माणूस व्हिएतनामच्या युद्धात दोनदा जाऊन आलेला होता. लढाईवरून घरी आलेला, शेती करणारा, तलवार पेटीत ठेवून गप्प राहिलेला टॅम त्याला कुठून सुचला असेल ह्याचा मला पुरावा देता येत नाही, पण ते प्रकरण वाचताना मला लेखक ऐकीव बोलतोय असं एका ओळीत सुद्धा वाटत नाही. आपल्या भागात बापाला बाजेवर घालून, बैलगाडीत, टमटममध्ये तालुक्याला नेलेली लेकरं घराघरात आहेत. तुला रडू आलं, मग तुझी आवड कच्ची कशी? तू त्या पुस्तकातली सगळ्यात भरीव जागा बरोब्बर ओळखलीस.

म्हणून पुढच्या बैठकीत मतं मागूच नको. सगळ्यांना हे एकच प्रकरण वाचून यायला सांग, ज्यांनी पुस्तक सोडलं त्यांना पण, आणि जमलं तर तू ते तुझ्या शब्दात मराठीत सांग, आपल्या बोलीत, कागद न धरता. मग बघ कोण काय म्हणतंय. किती स्टार, चांगलं का वाईट, असल्यानं नुसतं भांडण लागतं, एका प्रकरणावर बोललं की प्रत्येकाला काहीतरी बोलायला असतं. आणि तरी कुणी म्हणालं मला नाही भिडलं, तर नाही भिडलं, त्याला पटवायची जबाबदारी तुझ्यावर नाही.

पैशाचं म्हणशील तर दादाकडं चौदा भाग असताना तू विकत कशाला घेतेस, दुसरा 'द ग्रेट हंट' मागून आण. अभ्यासाचं वर्ष आहे हे सरांचं म्हणणं मी टाकून देत नाही, पूर्वपरीक्षा जवळ आली असेल तर तेवढे आठवडे पुस्तक दादाकडंच राहू दे, नाहीतर रात्री एक प्रकरण, बस. पण परीकथा म्हणून हिणवलं ते मी ऐकून घेणार नाही. काळ म्हणजे चाक आहे, युगं येतात जातात, माणसं परत जन्म घेतात, मागच्या युगातली खरी गोष्ट पुढच्या युगात दंतकथा होते, ह्या कल्पनेवर ती अख्खी मालिका उभी आहे, चौदाही भागांचं पहिलं प्रकरण ह्याच कल्पनेच्या त्याच ओळींनी आणि वाऱ्यानं सुरू होतं. सरांना परकी वाटावी अशी ही कल्पना नाही. त्यांच्यापुढं आख्खं पुस्तक ठेवू नको, प्रोलॉगची तेवढी पानं झेरॉक्स मारून दे आणि पुढच्या रविवारपर्यंत वाचून या म्हणावं.